वाळवंटातल्या पावसाचा अंदाज वाचताना या चुका टाळा

श्रावणात जोडून सुट्ट्या आल्या की बडोद्याच्या मराठी घरांतून कच्छच्या सहली ठरतात. कुणी भूज-धोळावीरा करतं, कुणी थेट जैसलमेर गाठतं. पण अंदाज वाचला जातो तो बडोद्याच्या सवयीने, आणि तिथेच फसगत होते.

पाऊस कशामुळे येणार आहे, हे न बघणं ही सर्वांत मोठी चूक. कमी दाबाचा पट्टा सरकत येत असेल तर दोन-तीन दिवस आधीच्या अंदाजावर विसंबायला हरकत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी आपल्या घरांत शिरलं, तो पाऊस आणणारी कमी दाबाची प्रणालीच पुढे कच्छवर गेली आणि ‘असना’ चक्रीवादळ झाली. असा इशारा असेल तर सहल सरळ पुढे ढकला. दुपारच्या तापलेल्या जमिनीवर उठणाऱ्या गडगडाटी ढगाचं तसं नाही. तो जेमतेम काही किलोमीटर रुंद, आणि बहुधा तासाभरात विरणारा. तो नेमका कोणत्या गावावर फुटेल, हे आदल्या दिवशी कुठलंही ॲप सांगू शकत नाही. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये ‘आयसोलेटेड’, म्हणजे तुरळक ठिकाणी, असं लिहिलं असेल तर त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. त्यामुळे भूज कोरडं राहिलं तरी अंदाज चुकला असं होत नाही. अशा दिवशी निघण्याआधी हवामान खात्याचा ‘नाउकास्ट’, म्हणजे पुढच्या तीन तासांचा अंदाज, आणि भूजच्या रडारचं चित्र बघा.

ढगाखाली करड्या धारा लोंबताना दिसल्या की मंडळी मोबाइल काढून रस्त्यात उभी राहतात. हे अजिबात करू नका. खालची हवा इतकी कोरडी असते की थेंब वाटेतच वाळून जातात. त्या बाष्पीभवनाने हवा गार आणि जड होते, वेगाने खाली कोसळते आणि जमिनीला लागून चहूकडे सुटते. पावसाचा थेंब नाही, पण धुळीची भिंत अंगावर येते. गाडी रस्त्यापासून बाजूला घ्या, झाड किंवा होर्डिंग टाळा आणि काचा लावून आत बसा. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आधीच घेऊन ठेवा.

वेळेचा घोळही नेहमीचा. उपग्रहचित्रावर ‘यूटीसी’, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असेल तर तिच्यात साडेपाच तास मिळवा. पावसाचे आकडे सकाळी 8:30 ते दुसऱ्या सकाळी 8:30 असे मोजतात आणि मोजणी संपते त्या तारखेला नोंदवतात, म्हणून 27 तारखेच्या नावावरचा पाऊस बराचसा 26 तारखेचा असतो.

आणि सरासरीवर जाऊ नका. जैसलमेरला वर्षाला 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मग पूर कसला, असं वाटतं. पण ऑगस्ट 2006 मध्ये शेजारच्या बाडमेर जिल्ह्यातलं कवास गाव बुडालं. जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे तिथलं पाणी मुरलंच नाही. डोक्यावर ऊन असलं तरी ओढ्याच्या वरच्या अंगाला कुठेतरी पडलेला पाऊस ओढ्यातून खाली येतो. फरशी पुलावरून पाणी वाहताना दिसलं तर खोलीचा अंदाज बांधत बसू नका, गाडी मागे फिरवा.