कागद की ई-रीडर? ठरवा पुस्तकागणिक

कुणी विचारलं, "ई-रीडर घेऊ का गं?" की मी आधी विचारते, "वाचणार काय आहेस?" कागद चांगला की यंत्र, या वादातून हाती काही लागत नाही. निवड पुस्तक बघून करायची असते. मी आठवड्यातून तीन दिवस नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला ऑफिस गाठते आणि घरी माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आहे. आम्हा दोघींच्या वाचनातून जे कळलं ते सांगते.

गाडीत ई-रीडरच बरा. सहा इंची यंत्राचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे उभं राहावं लागलं तरी एका हातात मावतो. कसारा घाटात बोगदे लागले की डब्यातल्या उजेडात छापील पान दिसेनासं होतं, ई-रीडरला स्वतःचा दिवा असतो. मात्र घाटात नेटवर्क जातं. म्हणून हवी ती पुस्तकं आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून घ्या आणि मग वायफाय बंद करून टाका. ई-रीडरचा पडदा ई-इंकचा असतो, त्यात विद्युतभार असलेले बारीक काळे-पांढरे कण असतात. पान बदलताना ते हलतात आणि तिथेच राहतात, नुसत्या उघड्या पानाला वीज लागत नाही. बॅटरी खातात ते वायफाय आणि दिवा. ते सांभाळलं तर आठवडे न् आठवडे चार्जर आठवत नाही.

आता घेण्याआधीची परीक्षा, आणि ही मराठी वाचकाने टाळूच नये. दुकानात किंवा ओळखीच्या माणसाच्या यंत्रावर एखादं मराठी पुस्तक उघडा आणि 'दुसऱ्या', 'आर्द्र', 'चिठ्ठी', 'कुऱ्हाड' असे शब्द शोधा. जोडाक्षरं सुटी पडतात का, वेलांटी भलत्याच अक्षरावर चढते का, ते पाहा. मग अक्षर मोठं करा. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकत असतील तर ओळींमधलं अंतर वाढवता येतं का, तेही बघा. इंग्रजी पान सुंदर दिसलं म्हणून यंत्र घेतलं आणि मराठी वाचताना डोळे शिणले, असं व्हायला नको.

फुकटच्या पीडीएफला मात्र भुलू नका. स्कॅन केलेलं जुनं पुस्तक सहा इंची पडद्यावर मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. यंत्र आडवं धरलं की अर्धं पान मोठं दिसतं, तेवढ्यावर भागवावं लागतं. पीडीएफचं ईपब, म्हणजे अक्षर लहानमोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाईल, करायला गेलात तर आणखी एक खड्डा आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची पद्धत, येण्याआधीच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर रूपांतरात चिन्हांची खिचडी होऊन येतो. आधी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून मोबाईलवरच्या मेसेजमध्ये चिकटवा. तिथे मराठी नीट उमटलं तरच पुढे जा.

त्यापेक्षा मराठी विकिस्रोत ही वेबसाइट पाहा. तिथे हक्कमुक्त पुस्तकं आहेत आणि ती ईपबमध्ये उतरवता येतात. आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती १९३३ साली, आपल्या नाशिकच्याच तुरुंगात. गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. आईसाठी मी पहिलं पुस्तक घातलं ते हेच.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. तरी बारीक छपाई तिला भिंगाशिवाय जमत नव्हती आणि भिंग धरून हात भरून येई. ई-रीडरवर अक्षर बोराएवढं केलं, ओळी सैल केल्या. पण पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली. पन्नास-साठ वर्षांची सवय, बोटाला थुंकी लावून पानाचा कोपरा धरायचा. तसंच बोट पडद्यावर दाबून धरलं की खालचा शब्दच काळा होई, नाहीतर एकदम दोन पानं सरकत. "अगं, पान पळालं बघ!" मग मी तिच्या शेजारी बसले आणि तिचं बोट माझ्या हातात धरून उजव्या कडेला नुसतं टेकवून उचलायला लावलं. दारावर टिचकी मारावी तसं. चौथ्या दिवशी ती दुपारच्या चहाची वेळ विसरली. घरातल्या वयस्कर माणसासाठी घेत असाल तर पान उलटायला कडेला खरी बटणं असलेलं मॉडेल मिळतं का ते आधी विचारा.

कविता मात्र मी कागदावरच घेते. अक्षर मोठं केलं की कवीने जिथे ओळ संपवली तिथे ती संपत नाही, भलतीकडेच तुटते. कुसुमाग्रजांच्या गावात राहून ओळ अशी मोडलेली मला बघवत नाही. पाककृती, नकाशे, मुलांची चित्रांची पुस्तकंही कागदावरच. आणि जी कुणाला तरी वाचायला द्यावीशी वाटतील ती तर नक्कीच. विकत घेतलेलं ई-पुस्तक म्हणजे बहुतेक वेळा वाचायचा परवाना असतो. ते मैत्रिणीच्या पिशवीत टाकता येत नाही. एकदाच वाचायची कादंबरी असेल तर दोन्ही विकत घेऊ नका, आधी सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये, विचारा. १८४० सालापासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे.

छापील पुस्तकांना आपल्या पावसाळ्यात जपावं लागतं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, नाहीतर ओल धरते आणि कसर लागते. ऑक्टोबरचं ऊन पडलं की पुस्तकं सावलीत उभी करून पानं मोकळी करा आणि कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

जुना ई-रीडर घेणार असाल तर पैसे देण्याआधी आधीच्या मालकाचं खातं काढून आपलं जोडून बघा. मी हे न करता एका दुकानातून घेतला. घरी येऊन उघडला तर दुसऱ्याच कुणाचं नाव आणि पासवर्डची मागणी. दुकानदाराने हात वर केले. यंत्र चांगलं होतं, पण मला त्यात एक पानही वाचता आलं नाही.