ठेक्यावरच्या कामात युनियन बांधताय? या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही बघा. दवाखान्यातल्या सफाईच्या बाया, एटीएमवरचे गार्ड, हॉटेलातले वेटर, डिलिव्हरीची पोरं. पगार लांबला की सगळेच पेटतात, आणि चार दिवसांत युनियनचं नाव कुणी काढत नाही.

सगळ्यात महागात पडते ती कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केलेली चर्चा. त्यात सुपरवायझर असतोच. पहिला मेसेज टाकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात, मग उरलेले म्हणतात, "माझं नाव नको टाकू रे भो." त्यांना भित्रं म्हणू नका, त्यांच्या घरची चूल त्याच पगारावर आहे. ड्युटी सुटल्यावर एकेकाला भेटा. अर्जावर सह्या गोलात घ्या, म्हणजे पहिली सही कुणाची ते कळत नाही. असं एकेकाला भेटणं नवं नाही. नंदुरबारकडच्या शहाद्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली ती आदिवासी शेतमजुरांची. तिथले आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती गावोगाव बैठका घेत फिरले होते.

दुसरी चूक म्हणजे पुरेशी माणसं जमायच्या आत संपाची भाषा. नोंदणीच्या अर्जाला किमान ७ सदस्य लागतातच. शिवाय तिथल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी, तेवढे सदस्य हवेत. युनियनमध्ये गेला म्हणून कामावरून काढणं कायद्याने अनुचित कामगार प्रथा, म्हणजे मालकाचा गुन्हेवजा गैरप्रकार, ठरते, पण ते सिद्ध करायला कागद हवा.

आणि कागदाचीच आपल्याकडे बोंब. हजेरीच्या मस्टरचा फोटो, ओळखपत्र, बँकेची एंट्री, पीएफचा यूएएन नंबर घरी जपून ठेवा. ठेकेदार बदलला की जुनी माणसं नवी भरती म्हणून दाखवतात, तेव्हा हेच कामी येतं. भांडणही फक्त ठेकेदाराशी नको. त्याने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्याकडे ठेका चालतो त्याच्यावर, येते, म्हणून पगाराच्या तक्रार अर्जाची प्रत त्यालाही द्या आणि पोच घ्या.

ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्ड, काढून गप्प बसू नका. पीएफ कापला जात नसेल तर ते काढाच, पण रेटवर बोलणी करायला ते येणार नाही. डिलिव्हरीवाल्यांनी एक जास्तीचं करावं. आयडी ब्लॉक झाला की अ‍ॅपमधला सगळा हिशोब हाताबाहेर जातो. दर आठवड्याच्या कमाईचा आणि कापलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट काढा, आणि तो दुसऱ्याच्या फोनवरही पाठवून ठेवा.