उडता पक्षी: आधी सैल टिपा, मग निवांत कापा

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर पहिल्यांदा गेलो, तेव्हा रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा बोटीच्या जवळून गेला. मी झूम ६०० मिलिमीटरपर्यंत ताणून बसलेलो. घरी येऊन पाहतो, तर कुणाचा पंख छाटलेला, कुणाचे पाय. जास्तीचं आभाळ नंतर कापता येतं, कापला गेलेला पंख परत जोडता येत नाही. तेव्हापासून झूम थोडा मागेच ठेवतो.

पहिली गोष्ट, बसायची जागा. ऊन पाठीवर हवं आणि जमलं तर वाराही. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतात, म्हणजे वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर ते तुमच्या दिशेने उठतात आणि तोंडावर ऊनही असतं. बोटवाल्या दादांना हे बरोबर ठाऊक असतं. फक्त त्यांना ‘थवा जरा उडवा’ म्हणू नका. चरणारे रोहित माना वर करून झपाझप चालू लागले, की तिथेच बोट थांबवायला सांगा.

फोटो काढताना पक्षी चौकटीच्या साधारण एक-तृतीयांश रुंदीत बसवा. शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, १/२००० सेकंद, गिरक्या घेणाऱ्या नदी सुरयासाठी (रिव्हर टर्न) १/३२००. फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा आणि पक्षी मध्यावरच धरा. रचनेची चिंता आत्ता नको. पांढऱ्या आभाळापुढे पक्षी काळा पडतो, तिथे एक्स्पोजर +१ करा, म्हणजे फोटो एक पायरी उजळ घ्या.

मग निवड. आधी डोळा बघा. तो धूसर असेल तर बाकी कितीही छान असो, फोटो बाद. नंतर पंख. ते पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असलेले फोटो ठेवा. बाजूने पाहताना पंख अंगाच्या रेषेत आले, की पक्षी उडतोय असं वाटतच नाही, काठीला चोच लावल्यासारखा दिसतो.

आता क्रॉप, म्हणजे कापणं. आधी पाण्याची रेघ किंवा पलीकडचा काठ सरळ करा, कारण फोटो फिरवला की कोपरे जातात. त्यानंतरच कापायला घ्या. माझ्या एका सुरयाचं उदाहरण देतो. मूळ फोटो ६००० × ४००० पिक्सेल, त्यात उजवीकडे निघालेला पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत १५००. मी ३००० × २००० चा तुकडा घेतला. रुंदीत उरले १५०० पिक्सेल. त्यातले १००० चोचीपुढे ठेवले, ५०० शेपटीमागे. समसमान ठेवून पाहिलं, तर सुरय खिळा मारून टांगल्यासारखा दिसत होता. उलटं केलं, तर आता भिंतीवर आपटणार असं वाटलं! हा तुकडा ६ मेगापिक्सेलचा, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १० इंच रुंद छापता येतो. याहून बारीक कापलं, की पिसांचा चिखल होतो.

पक्षी वर झेपावत असेल तर जागा वर सोडा, सूर मारत असेल तर खाली. पाण्यात प्रतिबिंब असेल तर ते अर्धवट कापू नका.

चौकटीचा आकार पक्षी ठरवतो. उडताना रोहित मान पुढे आणि पाय मागे ताणतो, त्याला २:१ ची लांबट पट्टी शोभते. राखी बगळा मान दुमडून घेतो. पंख वर असतील तर त्याला चौरसही चालतो. सगळ्यांना एकच साचा लावायचा हट्ट मला पटत नाही.

थव्याचं मात्र अवघड. कडेला अर्धा पक्षी आला तर एकतर तो पूर्ण घ्या, नाहीतर पूर्ण बाहेर काढा. बाहेर काढताना शेजाऱ्याच्या पंखाचं टोक जातं, मग तोही काढावा लागतो. असं करत करत बावीस रोहितांचे माझ्याकडे सात उरले होते. पण त्या सातांत एकही पंख दुसऱ्यावर चढलेला नव्हता, आणि भिंतीवर तोच फोटो आहे.

क्रॉप नेहमी प्रतीवर करा. मूळ फाइलमधले बावीसच्या बावीस रोहित अजून शाबूत आहेत.