रोजचा रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक : दोन्हींसाठी एकच टायर कसा निवडावा

पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईचा मोटर शर्यतीचा ट्रॅक साधारण साडेअकराशे किलोमीटरवर आहे. तेथील मद्रास इंटरनॅशनल सर्किटची एक फेरी ३.७१७ किलोमीटरची असून, वीस-वीस मिनिटांची चार सत्रे मिळाली तर हौशी चालकाच्या दिवसभरात तीसेक फेऱ्या, म्हणजे शंभर-एकशेदहा किलोमीटर होतात. जाऊन-येऊन तेवीसशे किलोमीटरचा महामार्ग आणि मध्ये जेमतेम शंभर किलोमीटर ट्रॅक, हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवले की टायरच्या निवडीतला निम्मा गोंधळ आपोआप मिटतो. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे असो किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट, महाराष्ट्रातून स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यासाठी हा हिशेब फारसा बदलत नाही. वर्षाचे उरलेले सगळे दिवस तीच गाडी ऑफिसला जाते, घाट चढते आणि जून ते सप्टेंबर पावसात भिजते.

पायरी १ : आधी हिशेब, मग दुकान

पुढच्या बारा महिन्यांत ट्रॅकवर किती दिवस जाणार आहोत, हे प्रामाणिकपणे कागदावर लिहावे. उत्तर एक ते तीन दिवस असेल, तर रस्त्यासाठी बनवलेला चांगला स्पोर्ट टायर हा एकच संच पुरेसा आहे आणि पुढचे सारे विवेचन मुख्यतः त्याच वाचकासाठी आहे. पाच-सहा दिवसांहून अधिक असेल, तर जुन्या रिमांवर ट्रॅकचे वेगळे टायर चढवून ठेवणे दोन-तीन वर्षांत स्वस्त पडते, कारण रोजचा संच ट्रॅकच्या झिजेतून वाचतो. मात्र चार सुटी चाके तेथपर्यंत न्यायची कशी, याचा विचार खरेदीआधी करावा.

पायरी २ : टायरची बगल वाचायला शिकावे

टायरच्या बगलेवर रोमन अक्षरांत आणि आकड्यांत त्याची कुंडलीच छापलेली असते. ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ या ओळीचा अर्थ असा की, टायरची रुंदी २०५ मिलिमीटर आहे, बगलेची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के आहे, रिम १६ इंची आहे, एक टायर ६१५ किलोपर्यंत भार पेलू शकतो आणि त्याची वेगमर्यादा ताशी २४० किलोमीटर आहे. कंपनीने गाडीसाठी ठरवलेल्या भारांकापेक्षा (येथे ९१) आणि वेगाक्षरापेक्षा (येथे व्ही) कमी दर्जाचा टायर कधीही बसवू नये, कारण ट्रॅकवर पुढच्या बाहेरच्या टायरवर एकाच वेळी ब्रेकचा आणि वळणाचा भार येतो आणि तेव्हा ही पेलण्याची ताकद खरोखर खर्ची पडते.

याच बगलेवर अनेकदा अमेरिकी पद्धतीचे तीन दर्जे असतात. त्यातील ‘ट्रेडवेअर’ हा आकडा झिजेचा आहे: १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी तुलना करून तो काढतात, त्यामुळे ३०० म्हणजे त्या चाचणीत तिप्पट टिकणारा. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची काटेकोर तुलना करू नये. टायर कोणत्या जातीचा आहे एवढे ओळखण्यापुरताच तो वापरावा. ‘ट्रॅक्शन’चा दर्जा ओल्या रस्त्यावरच्या सरळ ब्रेकिंगवरून मिळतो. वळणात टायर किती धरून राहतो हे त्यात मोजलेलेच नसते, आणि अनेक जण नेमके येथेच फसतात.

पायरी ३ : जात ठरवावी

ढोबळ मानाने चार जाती समजाव्यात. ४०० किंवा त्याहून अधिक ट्रेडवेअरचे टायर लांब पल्ल्याच्या आरामशीर प्रवासासाठी असतात. ट्रॅकवर त्यांची नक्षी दोन-तीन फेऱ्यांत तापून लडबडू लागते आणि स्टीअरिंगला उशिरा प्रतिसाद मिळतो. साधारण २८० ते ३४० या पट्ट्यात रस्त्याचे अस्सल स्पोर्ट टायर येतात, उदाहरणार्थ ३०० ट्रेडवेअरचा मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस. त्याखाली २०० च्या आसपास योकोहामा अॅडव्हान निओवा एडी ०९ किंवा ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१ आरएस यांसारखे, रस्त्यावर चालणारे पण ट्रॅककडे ओढा असलेले टायर आहेत. शंभर आणि त्याखालचे टायर हे जवळजवळ शर्यतीचेच असून त्यांच्यावर पाणी बाहेर टाकणाऱ्या खाचा नावापुरत्याच असतात.

२०० च्या टायरचा मोह मला चांगला कळतो. सुक्या ट्रॅकवर त्याची पकड अनुभवली की दुसरे काही नकोसे होते. पण त्याचे रबर मऊ असते, खाचा कमी आणि अनेकदा उथळ असतात, खडी उचलून तो चाकाच्या कमानीत मारत राहतो आणि रोजच्या वापरात वर्ष-दीड वर्षात संपतो. जुलैमध्ये ताम्हिणीच्या उतारावर रस्ताभर पाणी वाहत असताना अर्धवट झिजलेला असा टायर पायाखाली असणे मला मान्य नाही. परदेशी लेखांत या जागी बर्फाची आणि हिवाळी टायरची चर्चा असते. आपल्याकडे ती जागा पावसाची आहे. म्हणून वर्षातून एक ते तीन वेळा ट्रॅकवर जाणाऱ्या आणि पावसाळ्यातही तीच गाडी वापरणाऱ्या माणसाने ३०० च्या आसपासचा टायर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फेरीमागे एक-दोन सेकंद जातील, पण शिकणाऱ्याला हाच टायर अधिक काही शिकवतो, कारण पकड सुटण्याआधी तो आवाज करून पुरेशी सूचना देतो.

पायरी ४ : माप वाढवताना हात आखडता घ्यावा

टायरचा एकूण व्यास मूळ व्यासापासून तीन टक्क्यांहून अधिक ढळू नये, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो आणि गिअरचे गणितही बिघडते. वर घेतलेल्या २०५/५५ आर १६ चा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २२५/५० आर १६ घेतल्यास तो सुमारे ६३१ येतो, म्हणजे व्यासाचा प्रश्न उरत नाही. पण या टायरला किमान सहा इंच रुंद रिम लागते आणि सात इंची रिमवर तो अधिक नीट बसतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर बगल फुगते, वळणात टायर आडवा कलतो आणि पैसे मोजून विकत घेतलेली रुंदी वायाच जाते. चाकाच्या कमानीला घासतो का, हे स्टीअरिंग पूर्ण वळवून आणि मागे चार माणसे बसवून पाहावे. मोठी रिम आणि पातळ बगल ट्रॅकवर शोभते खरी, परंतु एका खड्ड्यात तिला फुगा आला की तो टायर ट्रॅकसाठीच काय, रस्त्यासाठीही बाद समजावा. माप बदलल्याची नोंद विमा कंपनीकडे करून ठेवावी.

पायरी ५ : खरेदीचा मुहूर्त

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. एवढे उंच ठोकळे पाणी उत्तम कापतात, पण ट्रॅकच्या भाराखाली डुलतात, डुलण्याने तापतात आणि तापले की त्यांचे लचके निघतात. नक्षी पाच-सहा मिलिमीटरवर आली की तोच टायर ट्रॅकवर घट्ट, थंड आणि विश्वासू होतो. म्हणजे पावसाला पूर्ण खोली हवी आणि ट्रॅकला थोडी झिजलेली, असा हा पेच आहे, आणि आपले हवामानच तो सोडवते. टायर मे महिन्याच्या अखेरीस घ्यावेत, पूर्ण खोलीनिशी पावसाळा काढावा आणि हिवाळ्यापर्यंत आठ-दहा हजार किलोमीटर चालवून घ्यावेत. ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईकडे परतीचा पाऊस असतो. जानेवारी-फेब्रुवारीत तेथील ट्रॅक कोरडा मिळतो आणि तोवर आपला टायरही नेमका तयार झालेला असतो. पुढच्या मे महिन्यात खोली मोजावी. कायद्याची खूण १.६ मिलिमीटरवर असली तरी कोकणात उतरणाऱ्याने तीन मिलिमीटरवरच टायर बदलावा.

दुकानात टायर चढवण्यापूर्वी बगलेवरचे चार अंकी उत्पादन-आकडे वाचावेत: ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. मी एकदा घाईत हे पाहिले नाही. घरी येऊन चाक धुताना कळले की ‘नवे’ म्हणून घेतलेले दोन टायर सव्वादोन वर्षांचे होते. एकदा रिमवर चढलेला माल दुकानदार परत घेत नाही. सहा महिन्यांच्या आतले टायर मागावेत आणि चारही एकाच सुमाराचे असावेत. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये नव्या टायरच्या आयातीवर परवान्याची अट घातल्यापासून काही मापे महिनोन्महिने मिळत नाहीत, त्यामुळे मे महिन्यासाठीची चौकशी मार्चमध्येच सुरू करावी. आयएसआय चिन्ह नसलेला, कोणीतरी परदेशातून आणून दिलेला टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

पायरी ६ : ट्रॅकच्या दिवशी हवा

टायर कोणताही असो, हवेचा दाब चुकला तर त्याची सारी किंमत मातीमोल होते. स्वतःचा दाबमापक न्यावा. पंपावरच्या मापकावर विसंबू नये. सकाळी थंड टायरमध्ये गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेला दाब भरावा, समजा ३३ पीएसआय. नंतर प्रत्येक पुढच्या टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बगल सुरू होते तेथे, पांढऱ्या खडूची एक जाड आडवी रेघ ओढावी. अनेक टायरांच्या खांद्यावर याच जागी छोटा त्रिकोण कोरलेला असतो. पहिल्या सत्रातून परत येताच हँडब्रेक न ओढता, गाडी गिअरमध्ये ठेवून आणि चाकाला अडण लावून, दाब मोजावा. तो ४० ते ४१ झालेला दिसेल. टायर सुमारे साडेपाच अंशांनी तापला की दाब साधारण एका पीएसआयने वाढतो, त्यामुळे यात नवल नाही.

आता खडूची रेघ पाहावी. ती त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसली गेली असेल, तर दाब योग्य आहे. त्याखाली बगलेपर्यंत पुसली असेल, तर टायर कलतो आहे आणि त्याला अधिक हवा हवी. खांद्यावरची रेघ जशीच्या तशी उरली असेल, तर हवा जास्त आहे. बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गरम अवस्थेत ३६ ते ३८ पासून सुरुवात करून एक-एक पीएसआयने जुळवावे आणि प्रत्येक आकडा वहीत लिहावा, कारण पुढच्या वर्षी तोच कामाला येतो. रबराचा पृष्ठभागही बोटाने चाचपावा. बारीक दाणेदार पोत चालतो. फोड, निळसर चमक किंवा निघालेले तुकडे दिसले तर ते सत्र तेथेच थांबवावे. पुढच्या टायरचा बाहेरचा खांदाच सतत खाल्ला जात असेल, तर घरी आल्यावर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, थोडा उणेकडे (चाकाचा वरचा भाग आत झुकेल असा) वाढवून घ्यावा. पंक्चर काढलेला टायर मात्र ट्रॅकवर नेऊच नये.

पायरी ७ : परत निघण्यापूर्वी

गरम टायरमधून चार पीएसआय हवा सोडली, तर संध्याकाळी तो थंड होतो तेव्हा ३३ ऐवजी साधारण २९ उरतात. एका जुलैमध्ये मी हे विसरलो आणि सामानासकट तसाच निघालो. वेल्लोरपुढे पाऊस लागला आणि कृष्णगिरीच्या अलीकडे साचलेल्या पाण्यावर स्टीअरिंग क्षणभर हातात अगदी हलके झाले. कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो, त्यात नक्षी दिवसभरात आणखी झिजलेली होती. गाडी सावरली, पण पुढचे तीस किलोमीटर मी साठच्या वर गेलो नाही.

म्हणून ट्रॅक सोडण्याआधी, टायर हाताला गार लागेपर्यंत थांबून, चारही टायरमध्ये रस्त्याचा दाब पुन्हा भरावा. बारा व्होल्टचा छोटा पंप डिकीत असू द्यावा. चाकांचे नट टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्यावर तपासावेत, बगलांच्या आतल्या बाजूंवर टॉर्च मारून चिरा शोधाव्यात आणि घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात पुढची-मागची चाके आलटून-पालटून घ्यावीत. एकाच दिशेने फिरण्याचा बाण असलेले टायर अर्थात आपापल्या बाजूलाच ठेवावेत.