समाजवादाची मुळं अभ्यासवर्गात कशी वाचावीत

सुरुवात मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथापासून करू नका, मूल्यसिद्धान्ताशी (वस्तूचं मूल्य तिच्यात गेलेल्या श्रमावरून ठरतं, या मांडणीशी) पोचेपर्यंत निम्मा गट गळतो. मुळं त्याआधीची आहेत, आणि प्रत्येक मुळाशी एकच प्रश्न आहे: माणूस असा का वागतो? सहा-आठ जण, चार बैठका, दर वेळी जास्तीत जास्त वीस पानं.

पहिल्या बैठकीला फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत रूसो याचा विषमतेवरचा १७५५चा निबंध. सगळा नको. दुसऱ्या भागाच्या आरंभी एकजण जमिनीला कुंपण घालून ‘ही माझी’ म्हणतो, तिथून चार-पाच पानं पुरतात. स्वतःला जपणं वेगळं आणि दुसऱ्याशी तुलना करून फुगणं वेगळं, हेही टिपून घ्या. याची फोड रूसोने निबंधाला जोडलेल्या टिपांमध्ये आहे, म्हणून हमखास सुटते.

दुसरी बैठक रॉबर्ट ओवेन या गिरणीचालक समाजवाद्याची. इथे घाई नको. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत कामगाराजवळ एक छोटा लाकडी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजू रंगवलेल्या: काळी म्हणजे वाईट, निळी बेताची, पिवळी चांगली, पांढरी उत्तम. आदल्या दिवसाची वागणूक पाहून मुकादम त्यातली एक बाजू समोर करी. परिस्थिती माणसाचा स्वभाव घडवते, हे ओवेनचं अख्खं मानसशास्त्र त्या ठोकळ्यात मावतं. मग गटाला विचारा: ठोकळा फिरवणाऱ्याचा स्वभाव कोणी घडवला? थोडी वादावादी होऊ द्या आणि मगच मार्क्सने जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखवर लिहिलेल्या सूत्रांतलं तिसरं (१८४५) काढा. शिक्षकालाही शिकवावं लागतं, हा त्यातला आक्षेप तेव्हा आपोआप कळतो.

तिसऱ्या बैठकीत फुरिये हा फ्रेंच समाजवादी. माणसाच्या बारा वासना आणि त्यांना वाव देणारी १,६२० माणसांची आदर्श वसाहत, ही त्याची मांडणी. आकडे विक्षिप्तच आहेत, त्यांत अडकू नका. कामातला कंटाळा त्याने गंभीरपणे घेतला, तेवढं धरा.

शेवटी मार्क्सची १८४४ची हस्तलिखितं (छापली गेली १९३२मध्ये), त्यातला फक्त परात्म श्रमाचा, म्हणजे कामगाराला स्वतःचंच काम परकं होण्याचा, भाग. कामगार कशाकशापासून परका होतो, त्याचे कागदावर चार रकाने पाडा: वस्तू, काम, माणूसपण, इतर माणसं. दिवसभर नुसत्या कॉलर शिवणारी कामगार बाई डोळ्यांपुढे ठेवून ते भरा. नेहमीची चूक म्हणजे परात्मतेला उदासी समजणं. गाणं गुणगुणत शिवणारी बाईही मार्क्सच्या लेखी परात्मच. ती खूश आहे का, हे विचारू नका. मशीनचा वेग कोण ठरवतं, हे विचारा. तिसरा, माणूसपणाचा रकाना बहुधा कोरा राहतो. ती कल्पना मार्क्सने फॉयरबाखकडून घेतली, म्हणून त्यासाठी फॉयरबाखकडे, १८४१च्या ख्रिस्ती धर्मावरच्या पुस्तकाकडे जावं लागतं. एक जादा बैठक राखून ठेवा.