घर घेण्याआधी स्कूल डिस्ट्रिक्टचे आकडे कसे वाचावेत: न्यू जर्सीतल्या पालकांसाठी

न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबात किचन आणि बेसमेंटच्याही आधी शाळेची चौकशी होते. चौकशी म्हणजे काय, तर घरांच्या वेबसाइटवर शाळेच्या नावापुढे दहापैकी किती लिहिलंय ते बघायचं आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘इथली शाळा कशी आहे हो?’ असं टाकायचं. त्या दहापैकी आकड्यात परीक्षेच्या गुणांचा वाटा मोठा असतो, आणि गुण बऱ्याच अंशी घरच्या मिळकतीच्या आणि आईवडिलांच्या शिक्षणाच्या मागे जातात. शिक्षक टिकतात का, वर्गात किती मुलं असतात, पुढच्या वर्षी पैसे पुरणार आहेत का, यातलं काहीच तो आकडा सांगत नाही. एजंटकडूनही फार काही हाती लागत नाही. वस्तीत कोण राहतं यावर बोलणं तो फेअर हाउसिंग कायद्यामुळे टाळतो आणि शाळेचं विचारलं तर ‘तुम्हीच बघून घ्या’ म्हणतो.

बघून घ्यायला सगळं सरकारी कागदांत उघड्यावर आहे, आणि एक संध्याकाळ त्याला पुरते. बहुतेक जण पैशापासून सुरुवात करतात. मी उलटा क्रम सांगेन: आधी मुलं, मग शिक्षक, शेवटी पैसा. मुलं कोण आहेत यावर किती आणि कसले शिक्षक लागणार ते ठरतं, आणि खर्चाचा सिंहाचा वाटा पगार आणि भत्त्यांचा असल्यामुळे बजेट त्यांच्या मागून येतं. बजेट आधी उघडलं तर समोर नुसत्या मोठ्या रकमा दिसतात.

पायरी 1: घर नक्की कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे?

या एका राज्यात जवळजवळ 600 स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एका हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था, आहेत, आणि पोस्टाचा पत्ता व डिस्ट्रिक्ट यांचा मेळ बसेलच असं नाही. ‘प्रिन्स्टन 08540’ असा पत्ता असलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो किंवा साउथ ब्रन्सविकच्या हद्दीत आहेत. तिथली मुलं प्रिन्स्टनच्या शाळेत जात नाहीत. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो ही गावं तर दोन वेगळ्या काउंट्यांत असूनही त्यांचा डिस्ट्रिक्ट एकच, रीजनल म्हणजे सामायिक आहे. काही गावांची स्वतःची शाळा आठवीपर्यंतच असते आणि हायस्कूल शेजारच्या डिस्ट्रिक्टकडे असतं. म्हणून प्रॉपर्टी टॅक्सच्या नोंदीत गावाचं नाव बघा आणि डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रेशन ऑफिसला पत्ता सांगून खात्री करून घ्या.

पायरी 2: मुलं

राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’ मिळतात. एका शाळेचा न उघडता आधी अख्ख्या डिस्ट्रिक्टचा उघडा. यातली पटसंख्या ऑक्टोबरच्या मध्यावरची असते आणि रिपोर्ट सरलेल्या वर्षाचा असतो, म्हणजे तुम्ही थोडं मागचं चित्र बघत आहात हे लक्षात ठेवा.

पहिली नजर इयत्तावार पटावर टाका. किंडरगार्टनमधली मुलं बारावीपेक्षा बरीच कमी असतील आणि हे सलग काही वर्षं चाललं असेल, तर डिस्ट्रिक्ट आकसत चाललाय. अशा ठिकाणी एलिमेंटरी शाळा बंद करण्याची, हद्दी पुन्हा आखण्याची चर्चा कधी ना कधी निघतेच. उलट खालचे वर्ग फुगत असतील तर नव्या वर्गखोल्यांसाठी रोखे काढण्याचं, म्हणजे कर्ज उभारण्याचं, मतदान पुढे दिसू लागतं.

मग येतो वंशाचा तक्ता. एडिसनच्या डिस्ट्रिक्टमध्ये 16 हजारांच्या घरात मुलं आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक ‘एशियन’. पण या एका रकान्यात तेलुगू, गुजराती, चिनी, कोरियन, फिलिपिनो असे सगळे बसवलेले असतात, त्यामुळे त्यावरून आपली माणसं किती याचा अंदाज बांधू नका. तो बांधायचाच असेल तर त्याच रिपोर्टमधला घरच्या भाषेचा तक्ता बघा. त्यातही मोजक्या मोठ्या भाषा नावानिशी येतात आणि उरलेल्या ‘इतर’मध्ये जातात. शिवाय नाव नोंदवताना कितीतरी मराठी आईवडील घरची भाषा म्हणून इंग्रजीवर खूण करतात. मुलाला उगाच भाषेच्या चाचणीला बसवतील ही धास्ती असते. तक्त्यात मराठी दिसत नाही त्याचं एक कारण आपणच आहोत.

डिस्ट्रिक्टच्या कामकाजाच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे रकाने तीन: आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलं, इंग्रजी शिकत असलेली मुलं आणि विशेष शिक्षण घेणारी मुलं. शिक्षक आणि पैसा दोन्ही यांवर हलतात. पहिल्या रकान्याला सहसा जेवणाच्या सवलतीचा आधार असतो. संघराज्याच्या (फेडरल सरकारच्या) नियमानुसार कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत आणि 185 टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. न्यू जर्सीने 2024-25 पासून मोफत जेवणाची मर्यादा 224 टक्क्यांवर नेली. काही शाळांत तर सरसकट सगळ्यांनाच मोफत जेवण मिळतं आणि पालकांकडून उत्पन्नाचा फॉर्मच घेतला जात नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी या आकड्याने अचानक उडी मारली तर गावात गरिबी वाढली असं लगेच म्हणू नका, आधी नियम बदलला का ते बघा.

कुठे आकड्याऐवजी तारांकन दिसलं तर त्या गटात मुलं फार थोडी आहेत. ती ओळखू येऊ नयेत म्हणून आकडा झाकतात, लपवाछपवीचा काही प्रकार नाही.

पायरी 3: शिक्षक

सगळ्यात जास्त गैरसमज विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाबद्दल आहे. रिपोर्टमध्ये 12 ला 1 वाचून आपण वर्गात बारा मुलं बसवतो. एक काल्पनिक एलिमेंटरी शाळा घ्या: 240 मुलं, 20 शिक्षक. प्रमाण 12 ला 1. पण त्या वीस जणांत संगीत, चित्रकला आणि व्यायामाचे शिक्षक आहेत, विशेष शिक्षणाचे आहेत, इंग्रजी शिकवणारे आहेत. स्वतःचा वर्ग असलेले दहाच जण उरले तर वर्गात मुलं झाली 24. दोन्ही आकडे खरे आहेत. तुमच्या मुलाला भेटणारा दुसरा. म्हणून शाळेला थेट विचारा: ‘या वर्षी दुसरीच्या प्रत्येक तुकडीत किती मुलं आहेत?’

प्रमाणापेक्षा मला त्याच रिपोर्टमधला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: मागच्या वर्षीच्या शिक्षकांपैकी किती टक्के याही वर्षी डिस्ट्रिक्टमध्ये आहेत. तो शेजारच्या दोन-तीन डिस्ट्रिक्टशी ताडून बघा. शिक्षक भराभर सोडून जात असतील तर पगाराचा तक्ता काढा. संघटनेबरोबरचे करार राज्याच्या पब्लिक एम्प्लॉयमेंट रिलेशन्स कमिशनच्या साइटवर असतात. त्यात डावीकडे खाली उतरत सेवेच्या वर्षांच्या स्टेप आणि वर आडव्या ओळीत बीए, एमए, एमए अधिक 30 क्रेडिट असे रकाने असतात. पाचव्या-सहाव्या स्टेपवरचा एमएचा पगार शेजारी किती आणि इथे किती, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

वर्गात मदत करणारे पॅराप्रोफेशनल आणि बदली शिक्षक अनेक डिस्ट्रिक्ट कंत्राटदारामार्फत घेतात. अशी माणसं कर्मचाऱ्यांच्या यादीत दिसत नाहीत, त्यांचा खर्च मात्र बजेटमध्ये असतो.

पायरी 4: पैसा

इथे थोडा वेळ काढा. डिस्ट्रिक्टला पैसा तीन वाटांनी येतो: गावाचा प्रॉपर्टी टॅक्स, राज्याची मदत आणि संघराज्याचा निधी. तिसरी वाट सगळ्यात अरुंद. कोविडच्या काळात तिथून जास्तीचे पैसे आले होते, पण शेवटच्या हप्त्याची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली. त्या पैशातून नेमलेले समुपदेशक आता कशातून पोसले जातात, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

राज्याची मदत 2008 च्या स्कूल फंडिंग रिफॉर्म अॅक्टच्या सूत्राने ठरते. प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम धरतात. मूल गरीब घरातलं असेल किंवा इंग्रजी शिकत असेल तर त्यावर भर पडते. या बेरजेतून डिस्ट्रिक्टची ‘पुरेशी’ गरज निघते. मग गावातल्या मालमत्तेचं मूल्य आणि लोकांचं उत्पन्न निम्मं-निम्मं धरून गावाला किती झेपेल ते काढतात. गरज वजा झेपणारा वाटा म्हणजे ‘इक्वलायझेशन एड’. याचा एक परिणाम घर घेणाऱ्यांनी नीट समजून घ्यावा: शाळेत काहीही न बदलता नुसत्या घरांच्या किमती चढल्या, तरी सूत्राच्या लेखी गाव श्रीमंत होतं आणि मदत घटू शकते. शिवाय 2018 च्या कायद्याने सूत्रापेक्षा जास्त मदत मिळणाऱ्या डिस्ट्रिक्टची मदत 2024-25 पर्यंत टप्प्याटप्प्याने कापली गेली. ती वर्षं बजेटमध्ये लगेच ओळखू येतात.

एडिसन आणि रॅरिटन नदीपलीकडचं न्यू ब्रन्सविक शेजारी ठेवून बघा. एडिसनचा गाडा मुख्यतः स्थानिक टॅक्सवर चालतो. न्यू ब्रन्सविक हा अॅबट खटल्यातल्या 31 डिस्ट्रिक्टपैकी एक (गरीब शहरांतल्या शाळांना पुरेसा पैसा द्या, असं राज्याला कोर्टाने बजावलं तो खटला), तिथे बहुतांश पैसा राज्याचा. तिथला दरडोई, म्हणजे एका विद्यार्थ्यामागचा, खर्च एकटा वाचून ‘इतके पैसे घालून गुण का नाहीत?’ असं म्हणणारा पायरी 2 वगळून आलेला असतो.

आता डिस्ट्रिक्टच्या साइटवरचं ‘यूजर-फ्रेंडली बजेट’ उघडा. तीन रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेलं, चालू वर्षाचं सुधारित आणि येत्या वर्षाचं अपेक्षित. वर्ष 1 जुलै ते 30 जून. जमेत ‘लोकल टॅक्स लेव्ही’ (शाळांसाठी गावाकडून होणारी एकूण टॅक्सवसुली) आणि ‘इक्वलायझेशन एड’ शोधा, मग ‘बजेटेड फंड बॅलन्स’. ही शिलकीतून काढलेली रक्कम. ती दरवर्षी मोठी होत असेल तर डिस्ट्रिक्ट रोजचा खर्च साठवणीतून भागवतोय. पटाच्या तक्त्यात खासगी विशेष शाळांत पाठवलेल्या मुलांची ओळ बघा. संख्या लहान दिसते, पण एकेका मुलाची फी आणि बस मिळून मोठी रक्कम होते. चार्टर शाळांकडे (सरकारी पैशावर चालणाऱ्या पण डिस्ट्रिक्टच्या कारभाराबाहेरच्या शाळा) वळवलेल्या पैशाचीही ओळ असते. सुपरिंटेंडंटचा, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याचा, पगार आणि करार याच कागदात आहे, ते वाचायला बहुतेकांना आधीच घाई असते.

दरडोई खर्चाचे दोन आकडे फिरत असतात. राज्याच्या ‘टॅक्सपेयर्स गाइड टू एज्युकेशन स्पेंडिंग’मध्ये एक बजेटरी आणि एक एकूण असा असतो. एकूण आकड्यात बस, बाहेर पाठवलेल्या मुलांची फी, कर्जफेड आणि राज्याने शिक्षकांच्या पेन्शनपोटी भरलेले पैसेही येतात, त्यामुळे तो बराच मोठा दिसतो. एकाचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा घेऊन तुलना करू नका. गाइडमध्ये सारख्या प्रकारच्या आणि आकाराच्या डिस्ट्रिक्टचे गट केलेले आहेत, तुलना गटातच करा.

आणि दोन टक्क्यांची मर्यादा. 2010 च्या कायद्याने लेव्हीची वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर बांधली, आरोग्य विमा आणि वाढता पट यांसारखे अपवाद ठेवून. ही मर्यादा गावाच्या एकूण वसुलीवर आहे, तुमच्या बिलावर नाही. फेरमूल्यांकनात तुमच्या घराची किंमत शेजाऱ्यांपेक्षा जास्त चढली तर तुमचं शाळेचं बिल दोन टक्क्यांच्या कितीतरी पुढे जाऊ शकतं. रीजनल डिस्ट्रिक्टमध्ये तर दोन गावांतला वाटाही मूल्यांकनानुसार सरकतो. 2024 मध्ये राज्यातलं सरासरी प्रॉपर्टी टॅक्स बिल 10 हजार डॉलरच्या पुढे गेलं, त्यातला निम्म्याहून अधिक भाग शाळांचा.

पायरी 5: विचारा

बजेटची सार्वजनिक सुनावणी एप्रिलच्या अखेरीस ते मेच्या सुरुवातीस होते. पण मसुदा मार्चमध्येच काउंटी ऑफिसला जातो, तेव्हा काही बदलावं असं वाटत असेल तर फेब्रुवारी-मार्चच्या बोर्ड मीटिंगला जा. बोलायला मोजकी मिनिटं मिळतात, म्हणून एकच प्रश्न लिहून न्या, आणि त्यात पानाचा आकडा घाला.

सरळ उत्तर मिळालं नाही तर ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्टखाली लेखी अर्ज करता येतो, साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायला हवं. अर्जात ‘माहिती द्या’ असं मोघम लिहिलं तर तो परत येतो. कागदाचं नाव आणि काळ लिहा: ‘अमुक एलिमेंटरी शाळेच्या 15 ऑक्टोबरच्या तुकडीवार पटाचा तक्ता, विद्यार्थ्यांच्या नावांशिवाय.’