पावसात गाडी काढताय? जिवावर बेतणाऱ्या या चुका टाळा

मुंबई-गोवा महामार्गावर माणगावजवळ माझं टायरचं दुकान आहे. गणपतीच्या आधीचा आठवडा आला की बाहेर गाड्यांची रांग लागते आणि दर वर्षी तीच वाक्यं कानावर येतात. "दादा, गणपतीपुरतं निघेल ना?" "परत आल्यावर बदलतो." "पुढे दोन नवे टाका, मागचे चालतील."

या शेवटच्या वाक्याने माझं डोकं सर्वांत जास्त फिरतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दोन नवे टायर घेऊन ते पुढे लावणं

लोक म्हणतात, इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोरही पुढेच, मग नवे टायर पुढेच हवेत. कित्येक दुकानदारही न विचारता तसंच लावून देतात. कोरड्या रस्त्यावर ते खपून जातं. पावसात नाही. टायरच्या खाचांचं काम पाणी बाजूला फेकण्याचं. खाच उथळ झाली आणि वर वेग असला की पाण्याला निघायला वेळच मिळत नाही, टायर पाण्यावर चढतो आणि रस्ता सुटतो. पुढचे टायर असे तरंगले तर स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तुम्हाला कळतं, पाय अॅक्सिलरेटरवरून निघतो, चाकं पुन्हा रस्ता धरतात. मागचे तरंगले तर आधी काहीच कळत नाही. वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि सावरायला वेळ उरत नाही. पुढे नवे आणि मागे गोटा झालेले असतील तर धोका आणखी मोठा, कारण गाडी पुढून घट्ट वाटते आणि चालवणारा निर्धास्तपणे वेग वाढवतो.

काही वर्षांपूर्वी श्रावणात एक कुटुंब हवा तपासायला थांबलं होतं. दुसरीकडून नुकतेच दोन नवे टायर टाकून घेतलेले, दोन्ही पुढे. मागचे हाताला गुळगुळीत लागत होते. मी म्हटलं, पुढचे मागे करून देतो, पैसेही नकोत. गाडी चालवणारा मुलगा पंचविशीतला. "काका, उशीर होतोय, उजेडात चिपळूणला पोचायचंय." निघाले. लोणेऱ्याच्या पुढे एका लांबट वळणावर, डांबर आणि काँक्रीटच्या जोडाशी पाणी साचलं होतं. क्रेनवाला माझ्या ओळखीचा, त्याच्याबरोबर मीही गेलो. गाडी गरकन फिरून समोरच्या लेनमध्ये गेली होती आणि ट्रकची धडक मागच्या दारावर बसली होती. पुढच्या दोघांनी पट्टे लावले होते, ते वाचले. मागे आजी बसल्या होत्या, पट्टा न लावता. त्या गेल्या. मुलगा येईल त्याला एकच सांगत होता, "मी ब्रेकसुद्धा मारला नव्हता." ते खरंच होतं.

मी टायर विकतो म्हणून सांगतोय असं कुणाला वाटत असेल, तर टायर दुसरीकडून घ्या. पण दोनच घेतलेत तर मागे लावून घ्या, आणि तिथे उभं राहून बघा. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला लावा. कायद्याने कारच्या टायरची खाच किमान १.६ मिमी असावी लागते. माझ्या मते पावसाळ्यासाठी तेवढी पुरत नाही, माझ्या गाडीचे टायर मी ३ मिमीवर काढून टाकतो. मोजायला काही नसेल तर काडेपेटीतली काडी खाचेत आडवी ठेवा. ती साधारण २ मिमी जाड असते. काडी खाचेबाहेर डोकावत असेल तर त्या टायरवर घाट चढू नका.

आणि पावसात ग्रिप यावी म्हणून हवा कमी करणाऱ्यांनो, हवा कमी असलेला टायर उलट कमी वेगातच पाण्यावर तरंगतो. कंपनीने दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच हवा ठेवा.

घाट न्यूट्रलमध्ये उतरणं

इंधन वाचवायचा हा शॉर्टकट कोण शिकवतं कुणास ठाऊक. कशेडी असो, वरंध असो की ताम्हिणी, ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून निकामी होतात, आणि ओल्या वळणावर घाबरून दाबले तर चाकं घसरतात. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच लावून घ्या. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार न्यूट्रलमध्ये येणाऱ्या जड गाड्यांमुळेही बदनाम झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने कित्येक वाहनांना धडक दिली. तेव्हा पावसाळाही नव्हता.

पुलावरून पाणी जात असताना गाडी घालणं

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या चालकांना अंधारात पुढे पूल नाही हे कळायला मार्गच नव्हता. तुम्हाला मात्र फरशी पुलावरून वाहणारं पाणी डोळ्यांनी दिसत असतं. तरी पुढची जीप गेली की मागची छोटी गाडी निघतेच. जीप उंच असते, जड असते, आणि चालवणारा बहुतेक वेळा त्याच गावचा असतो. फूटभर वाहतं पाणी छोट्या गाडीला ढकलायला पुरतं, दोन फुटांत मोठी गाडीही जाते. खालची फरशी खचली आहे की नाही हे गढूळ पाण्यात कुणालाच दिसत नाही. गाडी मागे घ्या, गावात चहा प्या. आमच्याकडचे नाले पाऊस थांबला की लवकर उतरतात. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी पावसाळ्यात कोकणात गाडी आणू नये, हे मी तोंडावर सांगतो.

आता बाकीच्या.

धो धो पावसात चारही इंडिकेटर लावून पळू नका, कारण मग तुम्ही वळणार की थांबणार हे मागच्याला समजत नाही. डिपर खाली ठेवून हेडलाइट लावा. चारी दिवे थांबलेल्या गाडीसाठी असतात.

काच आतून धूसर झाली तर फडक्याने पुसत बसू नका, एसी लावून झोत काचेवर सोडा.

पहिल्या पावसात जपून चालवा. उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून रस्ता निसरडा होतो. नवं लायसन घेतलेल्यांचा नेमका याच दिवसांत उत्साह जास्त असतो.

अंतर ठेवा. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पुढची गाडी खांबापाशी गेली की मी सावकाश चारपर्यंत मोजतो, त्याआधी खांब आला तर वेग कमी करतो.

दुचाकीवाल्यांनी रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटाराची झाकणं, फाटकातले रूळ आणि उड्डाणपुलावरचे लोखंडी जोड यांवर ब्रेक लावू नये आणि गाडी तिरकी करू नये. रेनकोटचा घोळ आणि ओढणी चाकापासून दूर बांधा. आणि मागे बसलेल्याने छत्री उघडली, तर ती मिटेपर्यंत गाडी पुढे नेऊ नका.